सोळा तारांची पट्टी आणि सुतळीची गाठ

वाचकहो, आजची गोष्ट आहे अंगठ्याएवढ्या रुंदीच्या एका पट्टीची. तुमच्यापैकी कुणी बंद पडलेला जुना संगणक उघडून पाहिला असेल, तर आत राखी रंगाची एक चपटी पट्टी दिसली असेल. एका कडेला लाल रेघ आणि दोन्ही टोकांना काळे जोड. ही पट्टी म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेल्या बारीक बारीक तारा. फितीसारखी दिसते म्हणून तिला रिबन केबल म्हणतात. वजनकाट्याच्या आकडे दाखवणाऱ्या खिडकीमागे ती सापडते, तशी घरी बनवलेल्या मोटरीच्या ऑटोतही सापडते.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला या पट्टीशी काय करायचे? मीही असेच म्हणत होतो. ती पट्टी नीट बांधली नाही, एवढ्यावरून माझ्या अक्काची मोटर जळाली. म्हणून हे लिहायला बसलो.

मी अर्धा शेतकरी आणि अर्धा कारागीर. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचे काम शिकलो, आणि शेती सांभाळून गावातले रेडिओ, टीव्ही, स्टार्टर दुरुस्त करतो. थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, जुन्नर तालुक्यात दिलेली. दाजी गेल्यापासून दोन एकरांचा सगळा भार तिच्यावर आणि माझ्या भाच्यावर. घर वस्तीवर, आणि घरापासून विहिरीपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस. जुन्नरकडच्या उसात बिबट्या राहतो, पिल्ले घालतो, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. पकडलेले बिबटे ठेवायला तिकडे माणिकडोहला केंद्रच उभे आहे. अशा मुलखात रात्रीची लाइट आली की बाईमाणसाने हातात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे. ज्यांनी हे केले आहे त्यांना मी वेगळे काय सांगू?

२०१८ च्या दिवाळीला भाऊबीजेसाठी गेलो, तेव्हा अक्का म्हणाली, "ओवाळणी काही घालू नकोस. माझं रात्रीचं जाणं तेवढं थांबव."

मी घरी आलो आणि कामाला लागलो. बाजारात ऑटो स्विच मिळतात, पण मला विहिरीतले पाणी पाहून चालणारा ऑटो हवा होता. त्यांची विहीर उन्हाळ्यात तासा-दोन तासांत उपसते आणि मग पुन्हा भरायला वेळ घेते. एक पत्र्याची पेटी घेतली. पेटीच्या पाठीला जाडसर पट्टा लावून त्यावर रिले आणि बाहेरून येणाऱ्या तारांचे जोड बसवले. दारावर आतल्या अंगाने मुख्य सर्किट, बटणे आणि आकडे दाखवणारी खिडकी. विहिरीत एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच सोडला. पाठ आणि दार यांना जोडायला सोळा तारांची रिबन केबल घातली. लाइट आली की पेटी आपण होऊन मोटर चालू करी, आणि पाणी खाली गेले की फ्लोटचा निरोप घेऊन बंद करी. ठिबकचे कॉक संध्याकाळीच उघडून ठेवायचे आणि निवांत झोपायचे.

चार महिने सारे सुरळीत चालले. अक्का येईल-जाईल त्याला पेटी दाखवायची. मलाही मूठभर मांस चढले होते, खोटे कशाला सांगू?

पण त्या पेटीत मी एक आळस केला होता. रिबन केबल पत्र्यावर नुसती चिकटपट्टीने दाबून टाकली होती. केबलही काटकसरीने, दार उघडले की ताणून बसेल इतकीच कापली होती. मनात म्हटले, तिला कोण ओढतोय?

ओढत होती ती अक्काच. चालू-बंदचा एक स्विच मी पेटीच्या आत ठेवला होता, त्यामुळे ती रोज संध्याकाळी दार उघडायची. दार उघडले की केबलला हिसका. शेजारच्या स्टार्टरचा रोजचा दणका वेगळाच. त्यात उन्हाने पत्रा तापायचा. चिकटपट्टीचा गोंद पातळ झाला, धूळ बसली आणि पट्टी सुटली. मग दाराचा सगळा हिसका थेट काळ्या जोडावर येऊ लागला.

२०१९ च्या मार्चमधली एक रात्र. अकराच्या सुमारास लाइट आली, पेटीने मोटर चालू केली. पाणी संपले, पण मोटर बंद झाली नाही. पाणबुडी मोटर थंड राहते ती भोवतालच्या पाण्यानेच. पाणी गेले की ती आतल्या आत तापत जाते. स्टार्टरच्या ओव्हरलोडनेही वेळेवर वाचवले नाही, कारण पाणी नसले की पंपावर ओझे नसते, मोटर करंट कमीच घेते, आणि ओव्हरलोडला वाटते सगळे ठीक आहे. पहाटे भाचा गेला तर स्टार्टर पडलेला. मोटर वर काढली तेव्हा वाइंडिंग काळेठिक्कर.

मी पोचलो आणि पेटी उघडली. केबल लोंबकळत होती. दाराकडचा जोड एका बाजूने काडेपेटीच्या गुलाएवढा वर आला होता. त्याच बाजूच्या टोकाला फ्लोटची तार होती. बाकीच्या तारा जागेवर, म्हणून पेटी जिवंत. तेवढा फ्लोटचा निरोप तुटलेला. पेटी आपली पाणी आहे असे समजून चालत राहिली.

मला वाटले होते अक्का रागावेल. ती रागावली नाही. म्हणाली, "मोटर भरून आणू, त्याचं काय एवढं? पण आज रात्रीपासून मी परत बॅटरी घेऊन जायचं का, तेवढं सांग."

हे ऐकून मान खाली गेली. मोटरीचा खर्च मी देऊ शकत होतो. तिला चार महिने जी बिनघोर झोप मिळाली होती, ती कुठून आणून देणार?

बैल गेला आणि झोपा केला, तसे माझे झाले. मोटर वाइंडिंगला दिली आणि ही केबल पक्की धरणारी वस्तू शोधायला निघालो. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याच्या क्लिपा मिळाल्या. त्या गोल वायरीसाठी असतात, चपटी केबल त्यात बसत नाही. मग प्लॅस्टिकचे केबल टाय आणले. टाय आवळला की पट्टीची गुंडाळी होते. कडेच्या तारांवर सगळा ताण येतो आणि वरचे प्लॅस्टिक कापले जाते. ग्लू गनचा गोंद लावून पाहिला. केबलचे अंग गुळगुळीत, त्यामुळे थंड झालेला गोंद नखाने खपलीसारखा निघून आला. शेवटी सगळ्यावर एम-सील थापायच्या बेतात होतो. तसे केले असते तर केबल हलली नसती खरी, पण पुढे दुरुस्तीच्या वेळी छिन्नी-हातोडा घ्यावा लागला असता.

त्या दिवशी मी वैतागून अक्काच्या टोमॅटोच्या प्लॉटात जाऊन बसलो. ती बांधणी करत होती. आमच्याकडे बांबू रोवतात, वर तार ताणतात आणि सुतळीने झाड तारेला बांधतात. मी सुतळीचा एक तुकडा घेतला आणि मदत म्हणून एक झाड बांधले. तिने लगेच सोडले.

"असं नाही रे. झाडाला फास सैल, तारेला गाठ घट्ट. वारा आला तर ओढ तारेनं खायची. झाडाच्या खोडाला कळायलासुद्धा नको."

वाचकहो, ती टोमॅटोबद्दल बोलत होती, पण माझ्या डोक्यात पेटी उघडली. मी आतापर्यंत शोधत होतो जोड पक्का चिकटवायचे साधन. शोधायचे होते ते, ओढ जोडापर्यंत पोचूच न देणारे साधन. ओढ दुसऱ्या कशाने तरी, पत्र्याने किंवा पट्ट्याने, खायला हवी.

दुसऱ्या दिवशी एसटीने पुणे गाठले आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली धरली. विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे सामान घ्यायला आमच्या भागातले कारागीर तिथेच जातात. मुंबईकडच्यांना जसा लॅमिंग्टन रोड. मी दुकानादुकानांत "रिबनची क्लिप आहे का?" असे विचारत फिरलो. एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने गोल वायरीची क्लिप काढली, तिसऱ्याने तर फिती-लेसच्या दुकानाचा रस्ता दाखवला. शेवटी गल्ल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातातला केबलचा तुकडा पाहिला आणि हसून म्हणाले, "अहो, एफआरसी म्हणा. नाव नीट सांगितलं की माल मिळतो."

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या दुकानांत या केबलला एफआरसी केबल म्हणतात, आणि जोडाला एफआरसी कनेक्टर. सर्किटवर जी पिनांची चौकट असते ती बॉक्स हेडर. केबल धरणाऱ्या वस्तूला फ्लॅट केबल क्लॅम्प म्हणा. शक्यतो केबलचा तुकडा बरोबर न्या आणि तारा मोजून सांगा. नेहमीच्या केबलमध्ये दोन तारांच्या मध्यांत १.२७ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे इंचाचा विसावा भाग. सोळा तारांची केबल साधारण २० मिलिमीटर रुंद भरते, चाळीस तारांची ५० च्या थोडी वर. क्लॅम्प त्याच मापाचा हवा. मोठा घेतला तर केबल आत सरकते.

त्या गृहस्थांनी मला अर्धा तास दिला. त्यांच्याकडून समजले की या केबलला सुटायच्या तीन जागा आहेत, आणि तिन्हींना वेगवेगळा अडसर आहे.

पहिली जागा कनेक्टरच्या आत. तिथे तारा सोलत नाहीत की झाळत नाहीत. कनेक्टरला बारीक दात असतात. दाबला की ते दात प्लॅस्टिक चिरून तारेला जाऊन भिडतात. म्हणून तो हातोडीने ठोकू नये, पक्कडीत वेडावाकडा आवळू नये. खास दाबयंत्र नसेल तर बेंच व्हाइसमध्ये दोन सपाट लाकडी तुकड्यांत धरून सगळीकडून सारखा दाबावा. कनेक्टर दोन तुकड्यांचे मिळतात आणि तीन तुकड्यांचेही. तिसरा तुकडा म्हणजे वरून बसणारी एक छोटी कमान. केबल कनेक्टरवरून उलटी वळवायची आणि वरून ती कमान टचकन बसवायची. मग केबल ओढली तरी ओढ कनेक्टरच्या अंगावर येते, दातांवर येत नाही. याला स्ट्रेन रिलीफ म्हणतात. मी पूर्वी दोन तुकड्यांचाच वापरला होता. तिसरा तुकडा असतो हेच मला माहीत नव्हते.

दुसरी जागा कनेक्टर आणि हेडर यांच्यामध्ये. माझा जोड सुटला तो इथे. साध्या बॉक्स हेडरमध्ये कनेक्टर नुसता रुतून बसतो, दणक्यांनी हळूहळू वर येतो. दुसऱ्या जातीच्या हेडरला दोन्ही बाजूंना कान असतात. कनेक्टर बसला की कान वरून मिटतात आणि त्याला धरून ठेवतात. काढायचा असेल तेव्हा कान बाहेर दाबले की तो आपोआप वर उचलला जातो. याला लॅचवाला हेडर म्हणतात. कान आखूड आणि लांब अशा दोन मापांत येतात. कमानीचा कनेक्टर उंच होतो, म्हणून त्याला लांब कानांचा हेडर घ्यावा. दोन्ही दुकानातच एकमेकांत बसवून पाहावे.

तिसरी जागा केबल आणि पेटी यांच्यामध्ये. इथे फ्लॅट केबल क्लॅम्प. हाही दोन प्रकारचा, एक पाठीला चिकट गोंद लावलेला आणि दुसरा स्क्रूने बसणारा. घरातल्या यंत्राला चिकट क्लॅम्प चालतो. पत्रा आधी आयपीए म्हणून मिळणाऱ्या स्पिरिटने पुसून घ्यायचा, क्लॅम्प दाबून बसवायचा आणि एक दिवस त्यावर ओढ पडू द्यायची नाही. पण रानात, उन्हात, धुळीत आणि मोटरीच्या शेजारी स्क्रूचाच घ्यावा. मी दोन्ही आणले. किंमत विचाराल, तर एका क्लॅम्पला चहाच्या कपाएवढेही पैसे पडले नाहीत. एवढ्याशा वस्तूवाचून मोटर गेली.

पुण्याला जाणे जमत नसेल तर क्लॅम्प घरीही करता येतो, आणि तो चांगला चालतो. प्लॅस्टिकच्या केसिंगची किंवा जाड अॅक्रिलिकची पट्टी घ्या. केबलच्या रुंदीहून दोन्हीकडे बोटभर जास्त ठेवून कापा. दोन टोकांना दोन भोके पाडा, अशी की स्क्रू केबलच्या बाहेरून जातील, तारांमधून नव्हे. पट्टीखाली आणि केबलखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा एकेक तुकडा घाला. रबर केबलला धरते आणि तिला दाबूनही टाकत नाही. ३ मिलिमीटरचे स्क्रू घ्या. नट साधा न वापरता नायलॉनच्या कड्याचा घ्या, दणक्यांनी सैल होत नाही. पत्र्याची पट्टी मात्र वापरू नका, तिची धार तारा कापते. आणि आवळायचे ते केबल सरकू नये एवढेच. रबर बाहेर फुगेपर्यंत आवळू नका.

आता बसवण्याबद्दल. आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि टेस्टर लावून खात्री करा. पेटीत थ्री फेज असते, तिच्याशी खेळ नको. केबलची लाल रेघ पहिल्या पिनेकडे यायला हवी. कनेक्टरवर एक लहानसा त्रिकोण असतो, पहिली पिन तिथे. मग जोडापासून दोन बोटांवर एक क्लॅम्प पाठीच्या पट्ट्यावर लावा, आणि तसाच दुसरा दारावर. दोन क्लॅम्पच्या मध्ये केबल बिजागरीच्या बाजूने वीतभर सैल सोडा. दार पूर्ण उघडून पाहा. केबल मोकळी झुलली पाहिजे, ताणता कामा नये. दार लावताना ती फटीत चिमटत तर नाही ना, तेही पाहा. जिथे केबल रोज हलते तिथे तिला कडक घडी घालू नका. गोलसर वळण द्या, नाहीतर तीच ती घडी पडून आतली तार तुटते. मोटरीच्या जाड वायरींना केबल चिकटवून नेऊ नका, मोटर चालू-बंद होताना नसते निरोप पेटीला जातात.

म्हणजे काय झाले? झाडाला सैल, तारेला घट्ट. अक्काचे सूत्र जसेच्या तसे.

आणखी एक चूक माझी होती, तीही सांगून टाकतो. फ्लोट मी असा जोडला होता की पाणी संपले की तो निरोप देई. तार तुटली तर निरोप येणार कसा? आता उलटे केले आहे. पाणी आहे तोवर फ्लोट सारखा "आहे, आहे" सांगत राहतो. तार तुटली, जोड सुटला किंवा उंदराने केबल कुरतडली, तर "आहे" येणे थांबते आणि पेटी मोटर बंद करते. फार तर एखाद्या रात्रीचे पाणी चुकेल, पण मोटर जळणार नाही. बांधणी कितीही पक्की केली तरी एक दिवस ती सुटेल हे धरून चालावे, आणि सुटली तर नुकसान कमीत कमी व्हावे अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

पेटी पुन्हा बसवली तेव्हा अक्का शेजारी उभी होती. दार दहा वेळा उघडले, दहा वेळा लावले. केबल झुलली, जोड हलला नाही. तरी ती पहिले आठ दिवस रात्री उठून खिडकीतून कान देत होती, मोटर वेळेवर बंद होते की नाही. भाच्याने मला नंतर हे सांगितले. नवव्या दिवशी मात्र झोपली.

परीक्षा म्हणून मी दारावर एक चिकट क्लॅम्पही मुद्दाम लावून ठेवला होता. पुढच्याच मे महिन्यात तो सुटून पेटीच्या तळाशी पडलेला मिळाला. स्क्रूचे दोन्ही जागच्या जागी होते. तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरला की जातो, पेटी उघडतो, धूळ पुसतो, स्क्रू तपासतो आणि जोड अंगठ्याने दाबून पाहतो. दहा मिनिटांचे काम. मग अक्काच्या हातचा चहा घेऊन परत येतो.

तुमच्याही विहिरीवर कुणी हौशी पोराने बनवलेला ऑटो असेल. असला तर त्याचे कौतुक जरूर करा. मात्र एकदा मेन स्विच पाडून, त्यालाच शेजारी उभे करून पेटी उघडायला लावा आणि एकच प्रश्न विचारा: "बाबा, हिची ओढ कोण खातं?" त्याने पत्र्याकडे बोट दाखवले तर ठीक. जोडाकडे दाखवले तर त्याच आठवड्यात दोन क्लॅम्प बसवून घ्या.